‘हरित’ कॉलेज आणि डोंगरीच्या बाया

(डोंगरी येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्या आणि कॉलेज-शिक्षक यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)



मला विषय दिला आहे ‘महाविद्यालये आणि हवामान बदल’. विषयाचं नाव पुकारलं तेव्हा पुढे बसलेल्या दोघी-तिघी मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं. कॉलेज भाईंदरला नाहीतर मीरा रोडला, हवामान आभाळात, आणि आपण बसलोय डोंगरीत. आपला काय संबंध? हा संबंध मलाही उशिराच कळला, आणि तोही मान खाली घालायला लावील अशा रीतीने. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि गेली काही वर्षं उत्तन, पाली, चौक, तारोडी, डोंगरी या गावांतल्या बायांबरोबर काम करते. बचत गट, रेशन, नवऱ्याची मारहाण, मुलींचं शिक्षण, जे पुढे येईल ते. एके दिवशी शहरातल्या एका कॉलेजातून निरोप आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना पर्यावरण अभ्यासासाठी क्षेत्रभेटीला न्यायचं आहे, जागा सुचवा आणि बरोबर चला.

ही क्षेत्रभेट कुठून आली तेही सांगते, कारण तिच्यामागे एक लढाई आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं होतं की शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर पर्यावरण हा विषय सक्तीचा करा. आदेश पडून राहिला. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सगळ्या शाखांना लागू झाला. पुण्याच्या डॉ. एरच भरूचा यांनी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं. १०० गुणांपैकी २५ गुण प्रत्यक्ष बाहेर जाऊन केलेल्या कामाला ठेवले होते. कल्पना चांगलीच होती. कुठे कुठे जाता येईल याच्या यादीत नदी, जंगल, डोंगर होते, आणि एक ओळ अशीही होती: स्थानिक प्रदूषित ठिकाणाला भेट.

‘स्थानिक प्रदूषित ठिकाण’ म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? मी धावगीची टेकडी सुचवली. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते, गेली पंधराहून अधिक वर्षं मीरा-भाईंदर शहराचा कचरा उत्तन-डोंगरीच्या वरच्या या टेकडीवर येतो आहे. रोजचा शेकडो टन. उन्हाळ्यात तो पुन्हा पुन्हा पेटतो आणि धूर दिवसचे दिवस गावांवर बसून राहतो. पावसाळ्यात त्यातून झिरपलेलं काळं पाणी उताराने शेतांकडे आणि खाली समुद्राकडे जातं. त्याविरुद्ध इथल्या लोकांनी मोर्चे काढले, गाड्या अडवल्या, न्यायालयात गेले. त्या मोर्च्यांत पुढे कोण होतं, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

तर मुलांची बस आली. आदल्या दोन दिवसांपासून धूर होता. मुलं उतरली, नाकाला रुमाल लावले, फोटो काढले. काही मुली ओकाऱ्या येतात म्हणून मागे फिरल्या. रस्त्याच्या कडेला एक म्हाताऱ्या बाई टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “बाय, ही पोरं काय बघायला आली?” मी म्हटलं, “प्रदूषण बघायला.” त्या म्हणाल्या, “घाण आमची नाय, तुमची हाय. बघायची तर घरीच बघायची.”

मी हसून वेळ मारून नेली. मग परत निघताना हजेरी घेतली, तर एक मुलगी कमी. ती बसमध्येच होती. शेवटच्या सीटवर, ओढणी डोक्यावरून पुढे ओढून, खिडकीकडे पाठ करून. बरं वाटत नाही का, असं विचारलं, तर म्हणाली, “ताई, माझं घर त्या वळणापुढेच आहे. वर्गात मी भाईंदर सांगते.”

ती भेट मीच आखली होती. त्या मुलीचं गाव मी तिच्या वर्गमित्रांना ‘प्रदूषित ठिकाण’ म्हणून दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना गुण मिळवून दिले. पुढे मुलांचे अहवाल मला वाचायला दिले. एकाहून अधिक अहवालांत शेवटी जवळजवळ सारखंच वाक्य होतं: ‘परिसरात दुर्गंधी व अस्वच्छता आढळली. ग्रामस्थांमध्ये जनजागृती करण्याची गरज आहे.’ मुलांचा दोष नव्हता. तो कचरा कुठून आला हा प्रश्न त्यांना कोणी घातलाच नव्हता. मीही नाही. बस ज्या कॉलेजातून निघाली होती, त्याच्या मागच्या फाटकातून सकाळी कचऱ्याची गाडी निघून आमच्या आधीच टेकडीवर पोचली असणार, हे मला बसमध्ये एकदाही सुचलं नाही.

आता हवामानाकडे येते. कँटीनमधला उरलेला भात, भाजीचे देठ, चहाचा चोथा हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ढिगाखाली गाडलं की त्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो. पृथ्वी तापवण्याची त्याची ताकद, शंभर वर्षांच्या हिशेबात, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरतात. तोच वायू ढीग पेटायलाही मदत करतो. तोच भात कॉलेजच्या आवारात हवा लागेल असा कुजवला तर त्याचं खत होतं. म्हणजे ओला कचरा वेगळा ठेवणं हे नीटनेटकेपणाचं काम वाटलं तरी तेच हवामानाचं कामही आहे, आणि त्यावर डोंगरीतल्या बाईचा श्वास अवलंबून आहे.

तापलेल्या समुद्राची गोष्ट तर इथल्या बायांना पुस्तकातून शिकायची नाही. बोंबील वाळत घालायचे दिवस पाऊस गेल्यावर सुरू होतात. ते दिवस कोरडे जाणार, या भरवशावर घर चालतं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार, मे २०२१ मध्ये तौक्ते. अरबी समुद्राचं पाणी तापत चाललं आहे आणि तिथली वादळं जोरकस होत चालली आहेत, असं शास्त्रज्ञ सांगतात. काठ्यांवर टांगलेल्या बोंबलावर एक रात्र पाऊस पडला की तो सडतो. होडी फुटली तर पंचनाम्याला दाखवता येते. सडलेली मासळी बाई दुसऱ्या दिवशी फेकून देते, नाहीतर कोंबडीच्या खाद्यासाठी मातीमोल भावाने विकते. मग सावकाराचं देणं तेवढं तिच्या अंगावर राहतं. ती मासळी दाखवणार कुणाला?

प्राध्यापक मंडळी म्हणतील, आमच्या कॉलेजात हे सगळं चालू आहे. सौर पॅनेल आहेत, वृक्षारोपण होतं, ग्रीन ऑडिट झालं आहे. हो, झालं आहे. ‘नॅक’च्या २०१७ च्या आराखड्यात सात निकष होते. त्यातला सातवा संस्थेच्या मूल्यांचा, १००० पैकी १०० गुणांचा. गंमत अशी की स्त्री-पुरुष समानतेसाठी काय केलं आणि ऊर्जा, पाणी, कचरा यांचं काय केलं, हे दोन्ही प्रश्न त्या एकाच निकषाखाली, एकमेकांना लागून विचारलेले होते. पण मी ज्या कॉलेजांत गेले तिथे त्याच्या दोन वेगळ्या फाइली निघाल्या होत्या, दोन वेगळ्या समित्यांकडे. एका फाइलीत महिला दिनाच्या रांगोळी स्पर्धेचे फोटो, दुसऱ्या फाइलीत पर्यावरण दिनाच्या रोपांचे फोटो. दोन्हींतले पाहुणे सारखेच!

कागदावरच्या समित्यांचा अनुभव आपल्याला भरपूर आहे. १९९७ मध्ये विशाखा निकालाने तक्रार समित्या बसवायला सांगितलं, २०१३ मध्ये कायदा झाला, २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. तरी किती कॉलेजांत जाऊन आपण विचारलं आहे: समितीत कोण आहे, बाहेरची सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, मुलींना समितीचं नाव तरी माहीत आहे का? हे विचारायची सवय आपल्या चळवळीने लावून घेतली. तेच प्रश्न आता हरित समितीला विचारायचे, एवढंच माझं म्हणणं आहे. तुमच्या समितीत सफाई करणारी बाई आहे का? जिथे तुमचा कचरा जातो त्या गावची कोणी आहे का?

सफाई करणाऱ्या बाईबद्दल थोडं सविस्तर बोलते. कॉलेजात हवामानावर परिसंवाद असतो तेव्हा ती दारामागे झाडू घेऊन उभी असते, सत्र कधी संपतंय आणि चहाचे कप कधी उचलायचे याची वाट बघत. ती बहुधा कंत्राटदाराची. तिला कॉलेजचं ओळखपत्र नसतं, म्हणून कॉलेज आपल्या माणसांची मोजदाद करतं तेव्हा ती त्यात येत नाही. अशा एका बाईला मी विचारलं, सगळ्यात त्रासाचं काम कोणतं? तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, “मुलींच्या संडासातली पॅडं.” उघडी टाकलेली, भांड्यात अडकलेली. हाताने काढावी लागतात. हातमोजे मागितले तर महिनाभराने एक जोड मिळाला.

यावर उपाय म्हणून कॉलेजांनी पॅड जाळायची यंत्रं बसवली, आणि तीही हरित फाइलीत गेली. बाजारातल्या पॅडमध्ये मोठा भाग प्लॅस्टिकचा असतो. ते पुरेशा उष्णतेशिवाय जाळलं तर विषारी धूर निघतो, आणि भिंतीवर टांगलेल्या छोट्या यंत्रात किती उष्णता तयार होते हे सहसा कुणी तपासत नाही. धावगीला धूर मोठा दिसतो म्हणून आपण ओरडतो. संडासातल्या कोपऱ्यातला धूर ती बाई आणि मुली घेतात, त्याचा आवाज होत नाही. पाळी म्हणजे विटाळ, तिची खूण दिसू नये, ही जुनी भावना त्या यंत्राच्या खरेदीतसुद्धा काम करत असते, असं माझं मत आहे. लवकरात लवकर नाहीसं करा, मग धूर कुणाच्याही नाकात जावो.

पुण्याच्या कचरावेचक बायांनी याच प्रश्नावर वेगळी वाट काढली. ती गोष्ट मी प्रत्येक कॉलेजात सांगते, कारण तिची सुरुवात एका विद्यापीठात झाली, आणि तेही बायकांच्या. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या एसएनडीटी विद्यापीठाचा पुण्यात प्रौढ व निरंतर शिक्षणाचा विभाग होता. १९९० च्या सुमारास तिथल्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांबरोबर आणि बायांबरोबर साक्षरतेचं काम सुरू केलं. अक्षरं शिकवायला गेलेल्या या बायकांच्या लक्षात आलं की अडचण उकिरड्यात आहे. उकिरड्यातून वेचलेला माल घाणीचा, त्याला भाव कमी, आणि वेचणारीला लोक चोर समजतात. तोच माल लोकांनी वेगळा करून दारात दिला, तर बाईचे तास वाचतात, हात स्वच्छ राहतात, दोन पैसे जास्त मिळतात. बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बायांना महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं त्याच दशकात मिळाली. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये घरोघरचा कचरा गोळा करण्याचा महापालिकेशी करार झाला. त्या बहुतेक दलित स्त्रिया. त्यांनी कचरा डेपोकडे जाण्याआधीच थांबवला, विकला, पुन्हा वापरात आणला. ‘कार्बन उत्सर्जन’ हा शब्द त्या काळी कुणी उच्चारतही नव्हतं.

आणि पॅडचं त्यांनी काय केलं? घरच्या बायकांना सांगितलं, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघायला नको. २०१३ च्या महिला दिनाच्या सुमारास त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या ती बनवणाऱ्या बड्या कंपन्यांच्या कार्यालयांना परत पाठवून दिल्या! तुमचा माल, तुम्हीच विल्हेवाट लावा. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. प्रत्यक्षात किती मिळते ते तुम्हाला माहीतच आहे.

त्याच २०१६ च्या नियमांत कॉलेजांना लागू पडणारी गोष्ट होती. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठं आवार असलेल्या संस्थांनी कचरा वेगळा करावा आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा. म्हणजे हे आपण कॉलेजांकडे उपकार म्हणून मागत नाही.

मग त्या कॉलेजात पुढे काय झालं? फार मोठं काही झालं नाही, खोटं सांगणार नाही. मी प्राचार्यांना भेटले आणि म्हटलं, पुढच्या वर्षीची क्षेत्रभेट कॉलेजच्या मागच्या फाटकातच करू. मुलांनी आठवडाभर कँटीनचा, वर्गांचा, संडासांचा कचरा वेगळा करून वजन काट्यावर घातला. सफाईच्या बायांना शिक्षक म्हणून उभं केलं, कारण कुठे काय सापडतं हे त्यांनाच ठाऊक. सगळ्यात जास्त भरला तो ओला कचरा. खताचा खड्डा झाला, सहा महिने नीट चालला. मग परीक्षा आल्या, मुलं गेली आणि खड्ड्याला वास सुटला. पुन्हा ते काम न सांगता त्याच बायांच्या अंगावर पडलं, पगार तेवढाच. हे मला खटकलं आणि मी बोलले. कामाचे तास वाढले तर मजुरी वाढली पाहिजे, नाहीतर आपली हिरवाई बाईच्या फुकटच्या मेहनतीवर उभी राहते. घरात हेच होतं: प्लॅस्टिक बंद म्हटलं की कापडी पिशव्या धुणार कोण? कॉलेजने हातमोजे आणि गमबूट नियमित द्यायला सुरुवात केली. मजुरीचा प्रश्न अजून कंत्राटदाराकडे बोट दाखवून टोलवला जातो आहे.

ती बसमधली मुलगी या दुसऱ्या क्षेत्रभेटीत नव्हती, ती वरच्या वर्गात गेली होती. पण २०२५ मध्ये मेट्रो ९ च्या कारशेडसाठी डोंगरीच्या टेकडीवरची ११ हजारांवर झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला आणि हरकती मागवल्या, तेव्हा ती आमच्याकडे आली. हरकत कशी लिहायची, हे तिला शिकायचं होतं. इथे एक शिकवण्यासारखी गोष्ट आहे. दर पर्यावरण दिनाला कॉलेजात रोपं लावतात. पण नोटीस कशी वाचायची, मुदत कुठे छापलेली असते, पोच कशी घ्यायची, हे कुठल्याच वर्षी शिकवत नाहीत. तिने स्वतःची हरकत लिहिली, मग शेजारच्या चार बायांच्या लिहून दिल्या. खाली पत्ता लिहिताना मी बघत होते. तिने ‘डोंगरी’ लिहिलं. मी काही बोलले नाही.

मला मेट्रो नको असं म्हणायचं नाही. चौकहून भाईंदर स्टेशनला बसने जाणारी आणि तिथून गर्दीच्या लोकलमध्ये घुसणारी मुलगी रोज किती वेळ रस्त्यावर घालवते ते मी पाहिलं आहे. चांगली, वेळेवर येणारी, अंधार पडल्यावरही असणारी बस ही तिच्या शिक्षणाची गरज आहे, आणि मोटारसायकलींचा धूरही तिच्यामुळे कमी होईल. कॉलेजच्या ऑडिटमध्ये आवारातली वाहनं मोजतात, मग मुली कशाने येतात आणि संध्याकाळचं शेवटचं लेक्चर किती मुली बस चुकेल म्हणून सोडतात, हेही मोजा. विजेचंही तसंच. मुंबईच्या उपनगरांना आणि आपल्या शहराला वर्षानुवर्षं डहाणूच्या कोळशाच्या केंद्रातून वीज आली, १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या. कॉलेजातला एसी गार लागतो तेव्हा राख आणि धूर वारल्यांच्या पाड्यांशेजारी आणि चिकूच्या वाड्यांशेजारी असतो. ऑडिटमध्ये फक्त बिल दिसतं.

इथल्या बायांना मला एक सांगायचं आहे. कॉलेज म्हटलं की आपण दबतो. आपली मुलगी तिथे शिकते, तिचं नाव खराब होऊ नये म्हणून गप्प बसतो. पण आता कॉलेजांना ‘विस्तार कार्य’ दाखवावं लागतं, त्यांना आपल्याकडे यावं लागतं. ते आले की त्यांना भाषण देऊ नका म्हणावं. रजिस्टर घेऊन या म्हणावं, तुमच्या कचऱ्याचं.

आता मी बसते. पाली आणि डोंगरीच्या गटांनी काही प्रश्न लिहून आणले आहेत. कागद त्या निळ्या साडीतल्या मावशींकडे आहे. प्राध्यापक मंडळींनी निघायची घाई करू नये, भाईंदरची बस आहे अजून.